चित्र फाटलं की खुलणारे सर

सर पडद्याकडे कधी सरळ समोरून बघायचे नाहीत. बाजारात बैल घेताना जाणता माणूस आधी लांबून बघतो, मग बाजूनं, मग खाली बसून. सर कॉम्प्युटरकडे तसं बघायचे. आधी दारातून. मग खिडकीच्या अंगानं. मग चक्क फरशीवर उकिडवे बसून, जाड भिंगांचा चष्मा कपाळावर सारून, पडद्याच्या कडेला जवळजवळ गाल टेकवून. आणि मग दारात पाहुणा आल्यासारखे आनंदानं म्हणायचे, "आला हाय. मॅडम, या, या लवकर. आला हाय."

आला हाय म्हणजे दोष आलाय. कुठंतरी एखादी रेघ थरथरतेय, एखादा रंग आपली जागा सोडून शेजारी सांडलाय, चौकट सरकवली की तिची सावली मागंच राहतेय. आम्हा बाकीच्यांना असलं काही दिसायचंच नाही. दिसलंच तर आमचा इलाज एकच, बंद करा आणि परत चालू करा. तेवढं केलं की सर खवळायचे. "हात लावू नका! आलाय तर बघू तरी द्या त्याला. हाकलून दिला आन् परत आलाच न्हाई तर कुणाला विचारायचं?"

हे सर चित्रकलेचे. कवठे येमाईच्या पलीकडं एका वाडीवर आमची शाळा. मी तिथं विज्ञान शिकवायची. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं वापरून झालेले कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले. ते टेम्पोतून उतरले तेव्हा मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "हे कोण सांभाळणार?" गणिताचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी दहावीच्या जादा तासांचं रडगाणं गायलं. चित्रकलेला तास कमी, म्हणून ते घोंगडं चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडलं. त्यांना त्याआधी कॉम्प्युटरचं काही येत होतं असं नाही. पहिल्या दिवशी नारळ फोडून सगळे पडदे चालू केले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर मागच्या भिंतीपाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "ह्या नारिंगीत कायतरी गडबड हाय."

सगळे हसले. मीही.

त्या नारिंगीपायी सर कॉम्प्युटर शिकले. त्या यंत्रांवर लिनक्स होतं, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली प्रणाली. सरांना ती कल्पनाच इतकी आवडली की त्यांनी मला मधल्या सुट्टीत डबा हातात धरायला लावून अख्खी समजावून सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटर आकड्यात विचार करतो आणि पडद्याला फक्त उजेड कळतो. मधे एक दुभाष्या लागतो. त्याला म्हणायचं ग्राफिक्स ड्रायव्हर.

"कुरकुंभच्या कारखान्यात बघा," ते म्हणाले, "बिहारचा कामगार असतो, आन् आपला सुपरवायझर असतो. दोघं बी शहाणे. पन मधला माणूस चुकला की व्हॉल्व उलटा फिरतो. तसंच हाय हे. आतलं चित्राचं कार्ड चांगलं, पडदा चांगला, मधला माणूस घोटाळा करतोय."

"मग चांगला मधला माणूस आणा की."

"कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्या आतलं सांगितलंच न्हाई कुणाला. तवा लोकांनी बाहेरून टकटक करून, कान लावून, अंदाजानं लिवलाय हा ड्रायव्हर. आपल्यासाठी. ओळख ना पाळख." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. "त्यांना चूक दावून द्यायची म्हंजी उपकार फेडायचे, मॅडम."

सर मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत होते, घर तिथल्याच बौद्ध वस्तीत. शिरूरला खोली घेऊन एकटे राहायचे आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की दौंडला थोरल्या बहिणीकडे जायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझं नेमकं उलटं होतं. माझं सासर शिरूरचं आणि नवरा कुरकुंभच्या एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट, शिफ्टमुळे तिकडेच राहणारा, सुट्टीला घरी येणारा. त्यामुळे शनिवारी सर दौंडला निघाले की माझ्या नवऱ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी त्यांच्या पिशवीत जायची. दौंडहून कुरकुंभ काही लांब नाही, पण त्यांनी ती बरणी पोचवायला खास वाकडी वाट करायची काही गरज नव्हती. ते करायचे. वर सोमवारी येऊन सांगायचे, "साहेब खुशीत हायेत. मिशी वाढवलीय. तुम्हाला फोनवर सांगितलं नसंल म्हणून सांगतो."

बरणी न्यायला ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा सासूबाईंनी चहासाठी फडताळातला वेगळा कप काढला. माझ्या लक्षात आलं आणि माझे कान तापले. पण मी उठायच्या आत सासरे उठले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी तो कप उचलून परत फडताळात ठेवला, स्वतःचा रोजचा मोठा कप पुढं केला आणि म्हणाले, "सर, ह्यात घ्या. ह्यात जरा जास्त मावतो." सरांनी कप घेतला. चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि आबांना विचारलं, "तुमच्या टीव्हीत माणसं हिरवट दिसत्यात का हो?" आबा म्हणाले, "आता तुम्ही म्हणल्यावर दिसायला लागली." त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, रंगाचा चपटा ब्रश असायचा. त्यानं ते कॉम्प्युटरच्या पंख्यावरची धूळ झाडायचे आणि शिकवताना फळ्यावर त्यानंच दाखवायचे. पोरांना चित्र काढायला सांगताना "छान काढा" असं कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "तुला काय दिसतंय? झाड म्हणू नकोस. झाड हे नाव हाय. दिसतंय काय?" पोरं गोंधळायची. एखादी मुलगी हळूच म्हणायची, "सर, मधे मधे आभाळ दिसतंय." मग सर तिच्याकडे असे बघायचे की ती मुलगी वर्षभर त्या कौतुकावर काढायची.

सगळंच काही साधायचं नाही त्यांना. एकदा तालुक्याची कसली तरी ऑनलाइन चाचणी आमच्या शाळेत होती. सरांना वाटलं, पाहुण्या शाळेची पोरं येणार, त्यांना आपले पडदे नीट दिसावेत. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांवर ड्रायव्हरची नवी आवृत्ती चढवली. सकाळी बटण दाबलं तर सगळे पडदे काळे. फक्त वरच्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी काडी, लुकलुकणारी. बाहेर बसमधून पोरं उतरतायत, मोठ्या सरांच्या कपाळावर घाम, आणि आमचे सर एका पडद्यापुढं उकिडवे बसून त्या काडीकडे कौतुकानं बघतायत.

"सर, काहीतरी करा!" मोठे सर ओरडले.

"करतो की. पन बघा, सगळ्यांवर एकदमच आलाय. म्हंजी चूक एकच हाय."

"तुमची आहे ती!"

"व्हय," सर म्हणाले. "ती बी हाय."

मग त्यांनी प्रत्येक यंत्राला चालू होतानाच एक आज्ञा दिली. ती दिली की ड्रायव्हर बाजूला बसतो आणि यंत्र त्याच्याशिवाय कसंबसं चित्र दाखवतं. चित्र आलं, पण जाडंभरडं. अक्षरं भोपळ्यासारखी फुगलेली, गोल चपटे झालेले. चाचणी झाली एकदाची. पाहुण्या शाळेच्या मास्तरांनी जाताना विचारलं, मोठी अक्षरं मुलांसाठी मुद्दाम ठेवली होती का. मोठे सर "हो" म्हणाले आणि नंतर पुढचे कित्येक दिवस आमच्या सरांशी बोलले नाहीत.

पण त्यांचं ते सगळ्यात गाजलेलं प्रकरण चित्राचंच. एका यंत्रावर दुपार झाली, खोली तापली, की पडद्यावर उभे पट्टे उमटायचे. सर ते कळवायला गेले. ड्रायव्हर लिहिणारी ही माणसं इंटरनेटवर एका जागी जमतात, तिथं कुणीही दोष लिहायचा आणि कुणीही त्यावर बोलायचं. दोषाचा पुरावा म्हणून यंत्रानंच घेतलेली पडद्याची प्रतिमा, म्हणजे स्क्रीनशॉट, द्यावी लागते. सरांनी प्रतिमा घेतली तर ती लख्ख, एकही पट्टा नाही. यंत्राच्या मते चित्र बरोबरच होतं. बिघाड व्हायचा ते चित्र पुढं पडद्यावर जाताना. मोबाईलनं फोटो काढला तर त्यात भलत्याच लाटा आल्या.

तेव्हा सरांनी ड्रॉइंग बोर्ड काढला, यंत्रासमोर खुर्ची टाकली आणि तो दोष रंगवायला घेतला. पोस्टर कलरनं. रोज दुपारी खोली तापायची वाट बघायचे, पट्टे आले की रंगवायचे, गेले की ब्रश धुऊन ठेवायचे. एवढी वर्षं आम्ही त्यांना फळ्यावर फुलदाण्या आणि सफरचंदं काढताना बघितलं होतं. स्वतःहून जीव लावून काढलेलं असं चित्र मी त्यांचं पहिल्यांदाच बघत होते. राखाडीवर उभे उतरलेले जांभळे, गुलाबी, मधूनच एक पिवळी सुई. चित्र पूर्ण झालं तेव्हा मी म्हणाले, "सर, हे भिंतीवर लावा." ते म्हणाले, "अहो, हा आजार हाय. आजार कुणी भिंतीवर लावतं का?" आणि त्याचा फोटो काढून पाठवून दिला.

त्यांचं पत्र मी वाचलं होतं. आधी "रिस्पेक्टेड सर", शेवटी "जय भीम". पलीकडच्या एकाला वाटलं हा आमच्याकडचा नमस्कारच, त्यानंही उत्तराच्या शेवटी जय भीम लिहिलं. सर दिवसभर हसत होते. पण उत्तरातला प्रश्न त्यांनी मला तीनतीनदा वाचून दाखवला. त्या माणसानं विचारलं होतं: डावीकडचा तो पट्टा खरोखर जांभळट आहे, की रंग सुकल्यावर तसा दिसतोय?

"असं कुणी विचारलं न्हाई कधी," सर म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले. "आयुष्यात कुणी विचारलं न्हाई, मॅडम, की खरंच जांभळट हाय का."

होता जांभळट. त्यावरून म्हणे त्या लोकांना चूक कुठल्या आकड्यात आहे ते कळलं. पुढच्या आवृत्तीत पट्टे गेले. सरांनी शिरूरहून पेढे आणले आणि ते कशाचे हे स्टाफरूममध्ये कुणालाही नीट सांगता आलं नाही.

मी मधली सुट्टी त्यांच्या खोलीत काढायला लागले ते याच सुमाराला. आपल्याकडे अशा गोष्टीला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते तसं नव्हतं हेही माहीत आहे. मग काय होतं ते मात्र आजही सांगता येत नाही. घरी माझ्यावर प्रेम करणारी माणसं होती. पण माझ्याकडे कुणी निरखून बघत नव्हतं. सर माझ्याकडे नव्हेच, पडद्याकडे बघायचे; पण तिथं शेजारी बसलं की आपणही नीट बघण्याजोगे आहोत असं वाटायचं. एकदा डबा खाता खाता ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आज तुम्ही रडून आलाय." मी म्हणाले, "नाही." ते म्हणाले, "बरं." आणि त्यांच्या डब्यातली बहिणीनं दिलेली कुरडई माझ्या डब्यात ठेवली.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्यांनी मुलांकडून घोड नदी काढून घेतली. प्रत्येक मुलानं एकच कागद, पण नदीचं पाणी आधीच्या मुलाच्या पाण्याहून जरासं पुढं. त्या कागदांचे फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक लावले की नदी वाहायला लागायची. उन्हाळ्याची खडकाळ घोड, मग चिंचोळी धार, मग भरून आलेली. सर त्यावर खुळ्यासारखे बसले होते. आणि त्या निळ्यातच त्यांना ती दिसली.

"काळी शेपटी," ते मला म्हणाले. "वर, उजव्या कोपऱ्यात. वळवळतीय."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही. पण त्याचं मला काही वाटलं नाही, कारण त्यांना दिसायचं ते मला आधी कधीच दिसायचं नाही, मागून पटायचं. त्यांनी वायर बदलली. शेपटी होती. शेजारचा पडदा आणून लावला. होती. जुनी आवृत्ती चढवली, मग दुसऱ्याच यंत्रावर नदी चालवली. होतीच.

"असं कसं हुईल," सर स्वतःशीच बोलत होते. "तार न्हाई, पडदा न्हाई, कार्ड न्हाई, ड्रायव्हर न्हाई. सगळं बदललं. मॅडम, नीट बघा हो. दिसतीय का?"

मी इतकी रोखून बघत होते की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, दिसतंय म्हणावं. आणि बहुतेक दिसतच असेल, आपल्यालाच कळत नसेल. तेवढ्यात सरांनी मान वळवली आणि खोलीच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. नुसत्या चुन्याच्या भिंतीकडे. बराच वेळ.

मग त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला. तो उघडून उजवा झाकला.

"उजवा झाकला की जाती," ते शांतपणे म्हणाले. "मशीन चांगलं हाय."

मी दहावीला डोळा शिकवते. दृष्टिपटलाची आकृती मी फळ्यावर इतक्यांदा काढलीय की झोपेतही काढीन. मी विचारलं, "सर, कडेला काही चमकल्यासारखं होतंय का?"

"व्हय की. कालधरनं. वीज लवल्यागत. मला वाटलं ट्यूब गेली." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "ट्यूब बदलली मी."

मला हसू आलं, पण मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, आत्ता, याच पावली डॉक्टरकडे जायचं. ते म्हणाले, संमेलन होऊ द्या. नदीचं थोडंच राहिलंय. मी पुन्हा म्हणाले. ते पुन्हा तेच म्हणाले, आणि पडद्याकडे वळले. तेव्हा मी बाहेर जाऊन आबांना फोन लावला. आबा कांदा खाली करून मोकळी पिकअप घेऊन परतत होते, ते तसेच शाळेच्या आवारात आले. पायातल्या धुळीच्या वहाणांनिशी थेट कॉम्प्युटरच्या खोलीत, जिथं सर कुणालाही चपला घालून येऊ द्यायचे नाहीत.

"चला सर."

"आबा, पोरांची नदी..."

"नदी पुढच्या महिन्यात बी वाहील. डोळा काय शिरूरच्या बाजारात मिळतो व्हय?" आबांनी त्यांच्या दंडाला धरून उठवलं. "बसा गाडीत. पुढं बसायचं. खड्डा आला की मला शिव्या द्या."

शिरूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून बघितलं आणि बसायलाही सांगितलं नाही. पडदा सुटतोय, म्हणाले, आजच्या आज पुण्याला न्या. "पडदा" हा शब्द ऐकून सरांनी माझ्याकडे बघितलं. आबांनी गाडी पुणे रस्त्याला काढली. रस्ताभर सर उजवीकडे मान करून बसले होते. मला वाटलं घाबरलेत. मी विचारलं तर म्हणाले, "न्हाई. सावली कशी खाली येतीय ते बघतोय. परत बघायला मिळणार न्हाई."

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, तो पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणून सरांनी पालथं झोपायचं, खाली मान घालून जेवायचं, खाली मान घालूनच बसायचं. ते दौंडला बहिणीकडे गेले. जग निरखणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला आता फक्त शहाबादी फरशी होती.

संमेलनात नदी मी दाखवली. अंगणात पांढरा कापडी पडदा, समोर सगळं गाव. नदी भरून यायला लागली, आणि नेमकं तेव्हा मला दिसलं. पाणी मधोमध चिरलं गेलं. वरची नदी जरा पुढं गेली, खालची मागं राहिली, मधे एक आडवी रेघ, जशी घडी पडावी. क्षणात परत जुळलं. परत चिरलं. गावानं टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तसंच काढलंय. कुणी न दाखवता मला दिसलेला तो पहिला दोष.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "सर, चित्र फाटलं. मधोमध."

पलीकडे बहिणीचा आवाज आला, "अरे, उठू नगं! खाली मान!" आणि मग सर, पालथे, उशीत दबलेल्या आवाजात, पण काय खुललेले: "आडवं का उभं? एकाच जागी का सरकत होतं? भरलेल्या पाण्यात का कोरड्या? सांगा, सांगा."

मग रोज मधल्या सुट्टीत मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसून त्यांना फोन करायची. पडद्यावर काय दिसतंय ते सांगायची. "निळं थरथरतंय," म्हटलं तर म्हणायचे, "निळं म्हंजी कुठलं? बाटलीचं का आभाळाचं?" परदेशातल्या माणसांचे निरोप मी वाचून दाखवायची, ते सांगतील ते उत्तर लिहायची. त्यांना दिसत नव्हतं तेव्हाच मी बघायला शिकले. ते दिवस मला अजून पुरतात, आणि पुरत नाहीत.

डोळा वाचला, पण पहिल्यासारखा नाही. सर परत आले तेव्हा म्हणाले, दोन डोळ्यांना दोन निळे दिसतात, आणि कुठला खरा ते आता सांगता येत नाही. दाराची चौकटही उजव्या डोळ्याला वाकडी दिसायची. त्यांनी थोडे दिवस काढले. एक दिवस मुलांच्या चित्रांच्या ढिगासमोर नुसते बसलेले दिसले. "मार्क कसं देऊ, मॅडम? कुणाची रेघ वाकडी आन् माझी कोणती, कळत न्हाई." त्याच उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली आणि दौंडला गेले. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. शाळेत नंतर नवे भिंतीएवढे पडदे आले. ते चांगले चालतात. बटण दाबलं की चित्र येतं आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही.

आम्ही फोनवर बोलायचो. आधी पुष्कळ, मग सणासुदीला. पुढं माझी बदली दौंड तालुक्यातच झाली, नवऱ्यापाशी, कुरकुंभजवळ. मी मनात ठरवलं होतं, आता दर शनिवारी जायचं. आम्ही सामान लावत होतो त्याच आठवड्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले होते. चहा तसाच राहिला.

मी मातीला गेले. निळ्या झेंड्यांची वस्ती, पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्रिसरण म्हणणारा एक खणखणीत आवाज. आबा शिरूरहून चौफुल्यामार्गे आले होते, मिळेल त्या वाहनानं. बहीण मला आत घेऊन गेली. म्हणाली, "त्यांची तिकडची माणसं हायेत न्हवं? इंग्रजीतली? त्यांना कोण कळवणार, बाई? तुम्हीच कळवा."

म्हणून मी इंटरनेटवरच्या त्या जागी सरांच्या नावापुढं चार ओळी लिहिल्या. मला वाटलं होतं, एकदोघं काहीतरी म्हणतील. पण उत्तरं येत राहिली. कोण कुठली माणसं. एकानं लिहिलं, त्यांनी मला आठवडाभर एका रेघेसाठी छळलं आणि ते बरोबर होते. दुसऱ्यानं लिहिलं, मला ते बाई आहेत असं वाटायचं. आणि जांभळट पट्ट्याबद्दल विचारणारा तो, त्यानं विचारलं, ते दिसायला कसे होते? आमच्यापैकी कुणीच त्यांना बघितलेलं नाही.

माझ्याकडे सरांचा एकही फोटो नव्हता. मी लिहायला बसले. माझं इंग्रजी दोन ओळीतच संपलं, मग मी सरळ मराठीत लिहिलं. ठेंगणे होते. सावळे. कान मोठे. हसताना आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. चालताना डावा हात स्थिर असायचा, त्यात काहीतरी भरलेलं धरल्यासारखा. पुष्कळ लिहिलं. पाठवून दिलं.

उत्तर आलं ते एका ओळीचं. त्यानं यंत्राकडून भाषांतर करून वाचलं होतं. त्यानं विचारलं होतं, तुम्हाला त्यांची फार आठवण येते का?

तासाची घंटा झाली होती. मुलं वर्गात वाट बघत होती. मी उभ्यानंच "हो" लिहिलं आणि वर्गावर गेले.